कविकन्या एडा लव्हलेस

गेल्या वर्षी आपल्या शाळेत तीन दिवसांची एक कार्यशाळा भरली होती. आठवी-नववीच्या मुलामुलींनी संगणकावर स्वतःचा खेळ स्वतःच रचावयाचा, असा तिचा हेतू होता. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत तयार होऊन २००७ साली सर्वांस खुली झालेली 'स्क्रॅच' नावाची चित्रमय भाषा मुलांना शिकविण्यात आली. पडद्यावरचे मांजर डावी-उजवीकडे धावावे, वरून पडणारे आंबे त्याने झेलावेत आणि प्रत्येक आंब्यास एक गुण मिळावा, इतकाच तो खेळ. परंतु तो सिद्ध करताना मुलांच्या चेहऱ्यांवर जो आनंद दिसला, तो मी विसरू शकत नाही.

मात्र त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट माझ्या दृष्टीस पडली. प्रत्येक संगणकापुढे तीन-चार विद्यार्थी होते. पण कळफलक होता मुलग्यांच्या हाती, आणि मुली मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांस कोणी मनाई केली नव्हती. आपली जागा मागेच, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. एका मुलीस मी पुढे बसावयास सांगितले, तेव्हा ती म्हणाली, की हे गणिताचे काम आहे, मला भाषा विषय आवडतो. मी स्वतः कलाशाखेची पदवीधर. मॅट्रिकनंतर गणिताला मी जो रामराम ठोकला, तो पुन्हा त्याच्या वाटेस गेले नाही. त्यामुळे त्या मुलीला मी तेव्हा काय उत्तर देणार? ते उत्तर त्यानंतरच्या दिवसांतील वाचनात मला सापडले. ज्या स्त्रीच्या चरित्रात ते मिळाले, तिची ओळख येथे करून देत आहे.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन शहरी झाला. तिचा पिता लॉर्ड बायरन हा त्या काळच्या इंग्रजी काव्याचा मुकुटमणी. पण जितका प्रतिभावान तितकाच स्वैर. माता ॲनाबेला ही शिस्तप्रिय, करारी आणि गणिताची आवड असलेली. काव्य आणि गणित यांचा हा संसार जेमतेम एक वर्ष टिकला. एडा जेमतेम एका महिन्याची असताना आई तिला उराशी घेऊन माहेरी निघून गेली. पुढे १८१६ च्या एप्रिलमध्ये बायरनने इंग्लंड सोडले, तो पुन्हा जिवंतपणी मायदेशी परतला नाही. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात साह्य करण्यास गेला असता मिसोलोंघी येथे १८२४ साली त्याचा अंत झाला. त्या वेळी एडा आठ वर्षांची होती. पित्याचा चेहरा तिला आठवत नव्हता, आणि त्याचे चित्रही ती मोठी होईपर्यंत घरात पडद्याआड झाकून ठेवलेले असे.

पित्याचे चंचल रक्त मुलीत उतरू नये, ही आईची मोठी चिंता. कल्पनेच्या वाऱ्याने मन भरकटते, तर गणिताने ते खुंटीस बांधून राहील, असे तिचे मत. म्हणून एडाला लहानपणापासून अंकगणित, भूमिती, संगीत आणि फ्रेंच यांचे कडक शिक्षण मिळाले. त्या काळी इंग्लंडातही मुलींस विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. तेव्हा श्रीमंत घरातील एका मुलीस गणिताचे असे शिक्षण मिळावे, हे भाग्यच म्हणावयाचे. पण ज्या कल्पनाशक्तीला आई भीत होती, तीच कल्पनाशक्ती गणिताच्या वाटेने बाहेर पडली, हे या चरित्रातील खरे नवल होय.

बारा वर्षांची असताना एडाने उडण्याचा ध्यास घेतला. पक्ष्यांच्या पंखांची लांबी-रुंदी व शरीराशी त्यांचे प्रमाण तिने तपासले. पंख कागदाचे करावेत की तेल लावलेल्या रेशमाचे, तारा कोठे बसवाव्यात, याचा विचार केला. पोटात वाफेचे यंत्र असलेला पंखधारी घोडा कसा असेल, याचीही योजना केली, आणि या सर्वांवर एक सचित्र पुस्तक लिहिण्याचे योजिले. अभ्यासाकडे दुर्लक्ष होते म्हणून आईने तिला दटावले. पुढल्याच वर्षी, १८२९ मध्ये, गोवराच्या आजाराने तिचे पायच गेले. कित्येक महिने ती अंथरुणास खिळून होती, आणि त्यानंतरही दीर्घकाळ कुबड्यांच्या आधारानेच चालत असे. उडू पाहणाऱ्या मुलीवर जमिनीवरून चालणेही नव्याने शिकण्याची पाळी आली! परंतु या काळातही तिचा अभ्यास सुटला नाही.

१८३३ च्या जून महिन्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, एका मेजवानीच्या प्रसंगी तिची चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी गाठ पडली. थोड्याच दिवसांनी मायलेकी त्याच्या घरी त्याचे यंत्र पाहावयास गेल्या. हे यंत्र काय होते, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

त्या काळी जहाजे हाकणे, जमीन मोजणे, व्याज काढणे या सर्वांसाठी आकड्यांचे छापील तक्ते वापरीत. ते तक्ते माणसे हाताने तयार करीत, म्हणून त्यांत चुका राहत. समुद्रात चुकलेला एक आकडा जहाज खडकावर नेऊन घालू शकतो. बॅबेजने विचार केला, की हे काम यंत्राने का करू नये? त्याची युक्ती तुम्हीही आत्ता वहीवर करून पाहा. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग ओळीने लिहा. शेजारच्या दोन संख्यांतील फरक ३, ५, ७, ९ असे येतात. त्या फरकांतील फरक पाहाल तर तो दर वेळी २ च. म्हणजे गुणाकार मुळीच न करता केवळ बेरजांनी पुढील वर्ग मिळतो. ९ मध्ये २ मिळवून ११, आणि २५ मध्ये ११ मिळवून ३६. बेरीज तर दातेरी चाकांनाही करता येते. या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राचा एक लहानसा भाग बॅबेजने जुळवून ठेवला होता. इतर पाहुणे त्या चकाकत्या पितळी चाकांकडे कौतुकाने पाहून परत जात. एडाला मात्र त्या चाकांमागचे गणित समजले, आणि तेथून ज्या स्नेहाचा आरंभ झाला तो तिच्या मृत्यूपर्यंत टिकला.

मेरी सॉमरव्हिल ही त्या काळची विख्यात विदुषी. तिने एडाला मातेच्या ममतेने मार्गदर्शन केले. १८३५ साली एडाचा विवाह विल्यम किंग या उमरावाशी झाला. १८३८ मध्ये पतीस लव्हलेसचा अर्ल ही पदवी मिळाली, तेव्हापासून ती लेडी लव्हलेस म्हणून ओळखली जाऊ लागली. तीन मुले झाली. संसाराचा व्याप, वारंवारची आजारपणे, आणि त्यातच पुन्हा अभ्यासाची ओढ! पंचविशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या तीन मुलांच्या आईने पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली आणि ऑगस्टस द मॉर्गन या नामांकित प्राध्यापकाकडे पत्राद्वारे उच्च गणिताचे धडे घेण्यास सुरुवात केली.

हा द मॉर्गन आपल्या देशाशीही निगडित आहे. त्याचा जन्म १८०६ साली मदुराई येथे झाला. दिल्लीचे शिक्षक रामचंद्र यांनी लिहिलेला गणितावरील ग्रंथ त्याच्या हाती आला, तेव्हा त्याची योग्यता ओळखून १८५९ मध्ये तो लंडन येथे पुन्हा छापविण्यात त्याने पुढाकार घेतला. असा गुणग्राही पुरुष! तरीही एडाची असामान्य बुद्धी पाहून तो संतोषाबरोबर काळजीही करू लागला. इतका कठीण विचार स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, अशी शंका त्याने तिच्या आईस लिहिलेल्या पत्रात प्रकट केली. गुण ओळखणाऱ्या डोळ्यांवरही काळाची झापड कशी असते, ते यावरून दिसून येते.

या काळात बॅबेजच्या डोक्यात दुसरेच एक यंत्र आकार घेत होते. पहिले यंत्र ठराविक रीतीने तक्तेच करणार. नवे यंत्र मात्र आपण सांगू ते गणित करणार. त्यात संख्या साठविण्याचे एक कोठार, व त्यांवर क्रिया करणारी एक चक्की, असे दोन भाग होते. कोठारात सुमारे एक हजार संख्या ठेवण्याची त्याची योजना होती. आणि या यंत्रास आज्ञा द्यावयाच्या त्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी.

पुठ्ठ्यांची ही कल्पना आली विणकराच्या मागावरून. आपल्या बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांतील ज्या मुलांच्या घरी माग आहे, त्यांस हे सहज समजेल. फ्रान्समधील लिआँ शहराच्या जकार नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक युक्ती प्रचारात आणली. साडीच्या काठापदरावर वेलबुट्टी काढताना कोणते उभे धागे उचलावयाचे व कोणते खाली ठेवावयाचे, हे पुठ्ठ्यांवरील छिद्रे ठरवितात. पुठ्ठ्यांची माळ बदलली की माग तोच, पण नक्षी निराळी. बॅबेजपाशी जकारचे रेशमात विणलेले एक चित्र होते. त्यासाठी सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. फुलांची नक्षी जशी पुठ्ठ्यांनी विणता येते, तशीच गणिताची नक्षीही विणता येईल, हे एडाच्या कविमनाला तत्काळ पटले.

१८४० साली बॅबेजने इटलीतील तुरीन शहरी आपल्या यंत्राविषयी व्याख्याने दिली. पुढे इटलीचा पंतप्रधान झालेल्या मेनाब्रेआ या तरुण इंजिनियराने त्यावर १८४२ मध्ये फ्रेंच भाषेत एक लेख लिहिला. एडाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बॅबेजने तो पाहून तिला विचारले, की तू स्वतःचेच का लिहीत नाहीस? तेव्हा तिने अनुवादास सात टिपा जोडल्या. त्या टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या! १८४३ साली हे लिखाण छापून निघाले. लेखिकेच्या नावाच्या जागी होती केवळ तीन आद्याक्षरे : ए. ए. एल.

या टिपांत काय होते? पहिली गोष्ट म्हणजे, हे यंत्र केवळ आकडेमोडीचे नव्हे, हे तिने ओळखले. ज्या वस्तूंचे परस्परसंबंध नियमांनी मांडता येतात, त्या सर्वांवर यंत्राला क्रिया करता येतील. संगीतातील स्वरांचे नियम त्याला सांगितले, तर ते संगीतही रचू शकेल. स्वतः बॅबेजची दृष्टी गणिताच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. ती नेली कवीच्या मुलीने. आज आपण संगणकावर गाणी ऐकतो, चित्रे काढतो, खेळ खेळतो, त्या साऱ्याचे बीज या एका विचारात आहे.

दुसरी गोष्ट, एकाच क्रियांचा समूह पुनःपुन्हा करावयाचा असेल तर तो दर वेळी नव्याने लिहिण्याचे कारण नाही. यंत्राने त्या पुठ्ठ्यांवरून पुन्हा फेरा मारावा, हे तिने स्पष्ट करून दाखविले. कार्यशाळेत तुम्ही आंबा पुनःपुन्हा पाडण्यासाठी जो 'सतत करा' असा ठोकळा वापरलात, त्याचेच हे पूर्वरूप.

तिसरी गोष्ट सर्वांत प्रसिद्ध. अखेरच्या टिपेत तिने बर्नुलीच्या संख्या काढण्याची संपूर्ण रीत तक्त्याच्या रूपाने दिली. या संख्या उच्च गणितात वारंवार लागतात आणि काढावयास किचकट आहेत. पंचवीस क्रमांकांच्या क्रिया, प्रत्येक क्रियेसाठी संख्या कोठून घ्यावयाच्या, उत्तर कोठे ठेवावयाचे, कोणत्या क्रियांचा फेरा पुन्हा करावयाचा, हे सर्व तिने ओळीने मांडले. यंत्र अजून जन्मासही आले नव्हते. पण त्याने काय करावे, हे कागदावर लिहून तयार होते! संगणकासाठी छापून प्रसिद्ध झालेली पहिली आज्ञावली म्हणून या तक्त्याचा गौरव होतो. बॅबेजनेही त्यापूर्वी अशा काही लहान रीती आपल्या टिपणांत लिहून ठेवल्या होत्या, म्हणून पहिला मान कोणाचा याविषयी विद्वानांत वाद आहे. पण इतकी सविस्तर आज्ञावली जगापुढे प्रथम आली ती या टिपांतूनच, यात संशय नाही.

या तक्त्याविषयी दोन गोष्टी मला विशेष सांगावयाच्या आहेत. त्यातील बीजगणित बॅबेजने करून दिले होते. परंतु त्यात त्याने केलेली एक गंभीर चूक एडाने हेरली व दुरुस्तीसाठी परत पाठविली, असे बॅबेजनेच पुढे आत्मवृत्तात नमूद केले आहे. गुरूची चूक शिष्येने काढावी आणि गुरूने ती उघडपणे मान्य करावी, यात दोघांचेही मोठेपण आहे. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. छापलेल्या तक्त्यातील चौथ्या क्रियेत भागाकार उलटा झाला आहे. भाज्याच्या जागी भाजक पडला आहे. ती चूक तिची की छापखान्याची, ते कोण सांगणार? म्हणजे पहिल्या आज्ञावलीबरोबरच आज्ञावलीतील पहिली चूकही जन्मास आली. कार्यशाळेत ज्यांचे मांजर उलट्या दिशेने पळाले व जे त्यामुळे रडकुंडीस आले, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याच टिपांत तिने एक इशाराही दिला होता. यंत्र स्वतःहून काही नवे निर्माण करीत नाही. आपण जे करावयास सांगू शकतो तेच ते करते. शंभराहून अधिक वर्षांनी, १९५० मध्ये, ॲलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञाने यंत्र विचार करू शकेल काय, या प्रश्नावरील आपल्या निबंधात तिच्या या मताचा नावानिशी परामर्श घेतला. तो वाद आजही मिटलेला नाही.

इतके झाल्यावर यश पायाशी लोळण घेईल असे वाटते. पण तसे घडले नाही. सरकारने पहिल्या यंत्रावर सतरा हजारांहून अधिक पौंड खर्चून १८४२ मध्ये हात आखडता घेतला होता. बॅबेज संतापी. सरकारवरील आपली टीका एडाच्या लेखाबरोबर निनावी छापावी, असा त्याने आग्रह धरला. एडाने त्यास ठाम नकार दिला. उलट, यंत्र उभारण्याच्या कामाची व्यवस्था आपल्या हाती द्यावी, असे तिने सुचविले. ते बॅबेजने मानले नाही. मैत्री टिकली, पण यंत्र झाले नाही.

पैसा उभारण्यासाठी बॅबेजने पुढे एक नामी युक्ती योजिली होती. आपण पाटीवर फुल्ली-गोळा खेळतो ना, तो खेळ माणसाशी खेळणारे यंत्र करावे आणि गावोगावी दाखवावे! दोन चाली सारख्याच चांगल्या असतील तर यंत्राने कोणती निवडावी, याचाही त्याने विचार केला होता. आतापर्यंत जिंकलेल्या डावांची संख्या सम असेल तर पहिली, विषम असेल तर दुसरी. यंत्रावर दोन बालकांच्या बाहुल्या असाव्यात. जिंकणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात व कोंबड्याने आरवावे. हरणाऱ्याने रडावे व कोकराने बेंबें करावे. पण यात वेळ फार जाईल व पैसा मिळणार नाही, असे दिसून आल्याने त्याने तो नाद सोडला. तथापि नियम, निवड, हारजीत आणि शेवटी गंमत, ही खेळाची सारी अंगे त्या योजनेत आहेत. कार्यशाळेत तुम्ही केलेत ते याहून निराळे नव्हे.

एडाही एका खेळात गुंतली; पण तो खेळ विनाशाचा होता. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याचे व्यसन तिला जडले. हजारो पौंड बुडाले, कर्ज झाले, घराण्याचे हिरे गहाण पडले, आणि ते आईला सोडवावे लागले. चरित्रात हे झाकून ठेवणे मला उचित वाटत नाही. बुद्धी मोठी असली म्हणजे मोह लहान होतो, असे नाही.

अखेरची वर्षे कर्करोगाच्या यातनांत गेली. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तिने या जगाचा निरोप घेतला. तिचा पिताही छत्तिसाव्या वर्षीच वारला होता. तिच्या इच्छेप्रमाणे नॉटिंगहॅमशायरमधील हकनॉल गावच्या चर्चमध्ये त्या पित्याशेजारी तिला चिरविश्रांती देण्यात आली. जन्मभर ज्याला तिने पाहिले नाही, त्याच्या शेजारी.

बॅबेजच्या आराखड्यांवरून पहिल्या प्रकारचे एक यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये उभारले, आणि ते अचूक चालले. ज्या दुसऱ्या यंत्रासाठी एडाने लिहिले, ते मात्र तिच्या हयातीत नव्हे, नंतरही कधी पुरे झाले नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका संगणकीय भाषेस 'एडा' हे नाव दिले, आणि त्या भाषेच्या प्रमाणपत्रकास १८१५ हा तिच्या जन्मवर्षाचा आकडा दिला. २००९ पासून विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांच्या गौरवार्थ तिच्या नावाने एक दिवस साजरा होऊ लागला, आणि पुढे त्यासाठी ऑक्टोबर महिन्यातील दुसरा मंगळवार ठरला.

एडा हयात असतानाच, १८४८ मध्ये, पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. एकीकडे राजवाड्यासारख्या घरात एका उमरावाच्या पत्नीस गणित झेपेल की नाही याची शंका, तर दुसरीकडे मुलींना अक्षरे शिकवितात म्हणून शेणगोळ्यांचा मारा. या दोन्ही वाटांनी चालून आलेले दान आज आपल्या शाळेतल्या बाकांवर बसले आहे. संगणकापुढे मागे उभे राहून ते वाया घालविण्याचा अधिकार आपणांस नाही.

तेव्हा, भाषा विषय आवडणाऱ्या माझ्या त्या विद्यार्थिनीस आता माझे उत्तर असे आहे : बाळ, भाषा आवडते म्हणूनच तू पुढे बस. यंत्राला आज्ञा देणे हीही भाषाच आहे. काय सांगावयाचे ते नेमके, क्रमाने आणि चुकले तर पुन्हा सांगणे, याहून वेगळे त्यात काही नाही. पुढील कार्यशाळेत मीही तुझ्या शेजारची खुर्ची घेणार आहे. माझे मांजर उलटे पळाले, तर ते सरळ करावयास मला तुझी मदत लागेल.